बरे करणारा शत्रू

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. दोन हातांत धरून खेळायचा, निळा, कोपऱ्याचा रंग उडालेला. माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला, पण तिथले मला काही आठवत नाही. आठवते ते बडा फुहारा नावाच्या चौकातले दुकान. तिथून चंद्रशेखर नावाच्या गृहस्थांनी मला घरी नेले. ते तोफांच्या कारखान्यात नोकरीला होते. मुलाचा, आल्हादचा, वाढदिवस होता.

माझ्यात राक्षसांच्या झुंजीचा खेळ आहे. रानात हिंडून राक्षस पकडायचे, त्यांना वाढवायचे, मग दुसऱ्याच्या राक्षसाशी लढवायचे. आल्हादने पकडलेला पहिला राक्षस म्हणजे कातळ्या. दगडी पाठीचा, हट्टी. शाळेची सगळी वर्षे आल्हादने त्याला वाढवले. पुढे नोकरीसाठी हैदराबादला जाताना त्याने मला धाकट्या बहिणीच्या, सुखदाच्या, हातात ठेवले. "कातळ्याला सांभाळ," एवढेच म्हणाला.

सुखदा त्याच्याहून चांगली खेळायची. गावातल्या स्पर्धांत कातळ्याच्या दोन धडकांत समोरचा आडवा व्हायचा. मुली मला हातात घेऊन बघायच्या. मला फार बरे वाटायचे.

पण माझी बॅटरी थकली होती. रात्रभर चार्ज करूनही दुपारपर्यंत लाल दिवा लागायचा. दुरुस्तीवाल्याने तिला बजावलेही होते, "दीदी, चलते-चलते बंद हुआ तो अंदर का सब साफ हो सकता है." सुखदाने बाबांना सांगितले. बाबा म्हणाले, "पाहू पुढच्या आठवड्यात." मग परीक्षा आल्या, आणि विषय राहून गेला.

त्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेत सुखदा अंतिम फेरीला पोचली. समोर शरच्चंद्रकाका आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे, हळू बोलणारे. नातवाकडून खेळ शिकले म्हणे. त्यांच्याकडून हरलेल्या मुलांना सुखदाने विचारले, काका खेळतात कसे? कोणाला नीट सांगता येईना. एक जण म्हणाला, "थकलो यार," आणि निघून गेला.

स्पर्धा घेणाऱ्या केतनने नियम वाचून दाखवले. झुंज सुरू झाली की उठायचे नाही, चार्जर लावायचा नाही, यंत्र बंद पडले तर हार.

काकांनी माझ्याकडे पाहिले. "जुना आहे ना गं हा?" त्यांनी मायेने विचारले.

"दादाचा आहे," सुखदा म्हणाली.

काकांनी मैदानात शेवाळी नावाची राक्षसीण उतरवली. हिरवी, मऊ, बोटभर. तिला कोणी पाळत नाही, कारण तिला मारताच येत नाही. मागची मुले हसली. कातळ्याने धडक दिली. शेवाळी कोलमडली, काकांनी दिलेले ताकदीचे एक फळ खाऊन पुन्हा उभी राहिली. मग ती कातळ्याजवळ सरकली आणि तिने त्याच्या पाठीवरची जुनी जखम बरी केली.

सुखदा गोंधळली. शत्रूला कोणी बरे करते का? तिने पुन्हा धडक दिली. शेवाळी पुन्हा उठली, पुन्हा कातळ्याला बरे केले. असेच चालत राहिले. प्रत्येक राक्षसाचे वार मोजके असतात. कातळ्याचे संपले. वार संपले की राक्षस दमून स्वतःलाच आपटून घेतो. कातळ्या आपटायचा, शेवाळी त्याला बरे करायची. दोघांपैकी कोणीच पडत नव्हते. हॉलमधले हसू केव्हाच थांबले होते.

माझा लाल दिवा लागला.

तेव्हा मला उमजले. काकांना कातळ्याशी काही घेणे नव्हते. ते मी बंद पडण्याची वाट पाहत होते.

सुखदाचा अंगठा घामाने निसटू लागला. "केतनभैया, चार्जर लावू का?"

"नियम आहे, सुखदा. मी काय करू?"

काकांनी मान वर केली. "हार मान, बेटा. मानलीस तर सगळं सुखरूप राहील. काहून हट्ट करून राहिली? मला त्याला मारायचंच नाही."

ते खरे बोलत होते. हार कबूल करण्याचे बटण तिच्या बोटाखालीच होते. पण तिला तो डाव वाटला. "घाबरवून राहिले तुम्ही," ती म्हणाली. कदाचित काकांचीच फळे आधी संपतील, असे तिच्या मनात आले असावे. मला ओरडून सांगायचे होते, सुखदा, दाब ते बटण. यंत्राला ओरडता येत नाही. तिने आणखी एक चाल खेळली. माझ्या डोळ्यांपुढे अंधार झाला.

घरी तिने मला चार्ज करून उघडले. पडद्यावर एकच ओळ होती: "नवीन खेळाडू, तुझे नाव सांग." कातळ्या नव्हता. रान नव्हते. आल्हादची सगळी वर्षे पुसली गेली होती. मी माझ्याच मालकिणीला परक्यासारखे नाव विचारत होतो.

तिने आल्हादला फोन लावला. "दादा, कातळ्या गेला."

पलीकडून तो म्हणाला, "अच्छा. जेवलीस का तू?"

तेव्हा ती रडली.

तिने नाव लिहिले नाही. मला लोखंडी कपाटात, स्वेटर आणि शालींच्या खाली ठेवून दिले. त्यानंतर कोणी मला हात लावलेला नाही. मित्रांनो, मला आता वेगळीच भीती वाटते. माझी बॅटरी फुगते आहे, आणि फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. पाठीचे झाकण एका बाजूने उचलले गेले आहे. हे कोणाला दिसत नाही. बाहेर उन्हाळा चढला आहे आणि घरातली माणसे दिवसभर आपापल्या कामाला जातात.

तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणी विसरलेले असेल. त्याला आजच बाहेर काढा. पोट फुगलेले दिसले तर दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. मोठ्यांना बोलवा, आणि त्यांनी "पाहू पुढच्या आठवड्यात" म्हटले तरी हटू नका. आणि सुखदा तुमच्या ओळखीची असेल, तर तिला कपाट उघडायला सांगा. माझ्यावरची लोकर आज सकाळपासून गरम लागते आहे.