कॉकपिटमधली पाहुण्याची खुर्ची

मी एक जुनी, घडी होणारी खुर्ची आहे. पण मित्रांनो, लग्नाच्या हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेल्या खुर्च्यांच्या रांगेत मला बसवू नका. माझा मुक्काम विमानाच्या अगदी पुढच्या खोलीत, म्हणजे कॉकपिटमध्ये असतो. डावीकडे कॅप्टन बसतात, उजवीकडे त्यांचे सहवैमानिक, आणि त्या दोघांच्या मागे, दाराला लागून माझी जागा. मला जंपसीट म्हणतात.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या माणसांनी माझा सांगाडा ठोकून, वाकवून, वर मणांची ओझी ठेवून तपासला आणि मग मला या विमानात बसवलं. चेन्नईला आले तेव्हा माझं निळं कापड कोरं करकरीत होतं. मिटलेली असताना मी बाजूच्या भिंतीला चिकटून उभी राहते. कोणी बसणार असलं की मला ओढून मधोमध आणतात, बैठक खाली पाडतात, आणि 'खट्' असा आवाज झाला की मी तयार. इथल्या विमानदुरुस्तीच्या हँगरमधल्या भवानी नावाच्या इंजिनीअर माझ्या बिजागरीला तेल देतात आणि माझे पट्टे ओढून पाहतात. त्या फारसं बोलत नाहीत, पण त्यांचा हात लागला की मला बरं वाटतं.

माझ्यावर दोनच प्रकारची माणसं बसतात. एक म्हणजे परीक्षक. ते मागे बसून पुढच्यांची परीक्षा घेतात आणि त्यांना बोलण्याचा अधिकार असतो. दुसरे म्हणजे आमच्याच कंपनीचे घरी निघालेले वैमानिक. विमान प्रवाशांनी भरलेलं असलं की त्यांना माझ्याशिवाय थारा नसतो. हे दुसरे मात्र पाहुणे असतात. त्यांचं नाव कागदावर आलेलं असलं तरी खरी परवानगी कॅप्टनची. पाहुणा वयानं आणि हुद्द्यानं कितीही मोठा असो, त्यानं दारात उभं राहून आपलं ओळखपत्र दाखवायचं आणि 'बसू का?' असं विचारायचं. होकार मिळाल्याखेरीज मला हात लावायचा नाही.

आणखीही रीत आहे. पाहुण्यानं कानाला हेडफोन लावायचा, पण तो ऐकण्यापुरता. विमान दहा हजार फुटांच्या खाली असेल तेव्हा गप्पा बंद, कारण चढताना आणि उतरताना पुढच्या दोघांना श्वास घ्यायलाही सवड नसते. फक्त धोका दिसला तर गप्प बसायचं नाही, लगेच सांगायचं. उतरल्यावर आभार मानायचे, पट्टे आवळून ठेवायचे आणि मला मिटायचं. एवढंच. तुमच्या घरी पाहुणे येतात तेव्हा तुम्ही याहून वेगळं काय मागता?

तरी लोक चुकतातच. एकदा एक तरुण वैमानिक आला आणि कॅप्टन बाहेर इंधनाचं पाहत होते तेवढ्यात बिनदिक्कत माझ्यावर बसला. बूट समोरच्या कडेला टेकवले आणि मांडीवर डबा उघडला. सांबार माझ्या कापडावर सांडलं, तो डाग अजून आहे. कॅप्टन आत आले, त्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि पुढच्या विमानानं यायला सांगितलं. आवाज चढवला नाही. बिचारा डब्याचं झाकण शोधत बाहेर गेला. मला त्याची दया आली, पण डागाचा राग अजून गेलेला नाही.

ज्यांच्याविषयी सांगायला मी बसले आहे ते उमाकांत सर मात्र निराळे. ते मूळचे साताऱ्याकडचे. वायुसेनेत असताना चेन्नईजवळच्या तांबरमला बदली झाली आणि मग ते चेन्नईचेच होऊन गेले. आमच्या कंपनीत ते सर्वांत ज्येष्ठ परीक्षक. अनेकदा ते माझ्यावर बसून गेले, आणि ते बसले की पुढच्या दोघांचे खांदे आपोआप ताठ व्हायचे. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे आणि जिभेवर काही अडत नसे. जे खटकलं ते तोंडावर सांगायचे.

संयुक्तालाही त्यांनी असंच सांगितलं होतं. संयुक्ता चेन्नईतल्याच वेस्ट मांबलमची. तिचं घराणं तंजावरकडचं, पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं, तरी घरात जुन्या वळणाची तंजावरी मराठी टिकवून असलेलं. कॅप्टन होण्यासाठी तिची परीक्षा झाली तेव्हा ती डावीकडे बसली होती आणि सर माझ्यावर. विमान तिनं व्यवस्थित उतरवलं. पण वाटेत ढग आडवे आले तेव्हा वळायचं की नाही यात ती घुटमळली होती. निर्णय बरोबर होता पण उशिरा घेतलास, असं सांगून सरांनी तिला नापास केलं. तिचे डोळे भरून आले, तरी तिनं सरांचे आभार मानले. काही महिन्यांनी ती पुन्हा परीक्षेला बसली आणि उत्तम रीतीनं पास झाली. मला फार आनंद झाला, पण खुर्चीला टाळ्या वाजवता येत नाहीत.

आता त्या दिवसाचं सांगते. डिसेंबर महिना होता. चेन्नईत तेव्हा मार्गळी हा तमिळ महिना लागतो. या दिवसांत मैलापूरच्या सभांमध्ये, म्हणजे संगीतसंस्थांच्या सभागृहांत, सकाळपासून रात्रीपर्यंत कच्चेऱ्या, म्हणजे गाण्याच्या मैफली चालतात. आम्ही हैदराबादला उभे होतो. दुपार होती, विमान चेन्नईला निघायचं होतं, आणि आत एकही जागा रिकामी नव्हती. डावीकडे कॅप्टन संयुक्ता, उजवीकडे सहवैमानिक मुरली. तेवढ्यात दारात उमाकांत सर येऊन उभे राहिले.

ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर थांबले, टोपी काखेत घेतली आणि ओळखपत्र पुढे केलं. ज्या पोरीला त्यांनी नापास केलं होतं तिला ते म्हणाले, "कॅप्टन, तुमची परवानगी असेल तर मागं बसून घरी येऊ का?"

संयुक्ता गडबडून उठायलाच निघाली. तिनं कित्येक वर्षं त्यांच्यापुढे आदरानं मान खाली घातली होती. पण तिनं ओळखपत्र रीतसर पाहिलं, परत दिलं आणि 'बरं' याला तमिळमध्ये म्हणतात तसं 'सरी' म्हणत बोलली, "सरी, बसा की सर. मज आनंदच अहे."

मग सरांनी मला ओढलं, 'खट्' केलं आणि माझ्यावर बसले. मित्रांनो, इतकी वर्षं मी त्यांचं वजन ओळखते. परीक्षक म्हणून बसले की ते पुढे झुकून बसत. त्या दिवशी ते पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून बसले.

दार लागण्यापूर्वी त्यांचा फोन थरथरला. ते तोंडाजवळ हात धरून इतकं हळू बोलले की ते फक्त मलाच ऐकू आलं असावं. पलीकडे त्यांची मुलगी ऊर्मी होती. संध्याकाळी मैलापूरच्या सभेत तिची पहिली कच्चेरी होती. लहानपणापासून तिच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या वेळी बाबा कुठल्या तरी आकाशात असायचे. या वेळी मात्र त्यांनी शब्द दिला होता. "निघालोय," ते म्हणाले, "तिसऱ्या रांगेत जागा धर. आणि शेवटी अभंग म्हणणार आहेस ना?" मग त्यांनी फोन बंद करून खिशात ठेवला. पुढच्या दोघांना त्यांनी एका शब्दानंही काही सांगितलं नाही. मला वाटलं, अहो, सांगा की. आनंदाची गोष्ट आहे.

विमान वर गेलं, गप्पागोष्टी झाल्या, कॉफी झाली. सरांनी आपला कप पुढच्या दोघांना मिळाल्यावर घेतला. मग चेन्नई जवळ आली आणि सगळे गप्प झाले. मीनंबाक्कमच्या विमानतळावर अचानक पावसाचा दाट पट्टा आला होता. खिडकीच्या काचेवर पाण्याशिवाय काही दिसेना.

उतरताना एक ठरलेली उंची असते. तिथवर पोहोचेपर्यंत धावपट्टीचे दिवे दिसले तर उतरायचं, नाही दिसले तर पुन्हा वर जायचं. त्यात मधला मार्ग नाही. आम्ही खाली खाली येत होतो आणि समोर नुसता करडा अंधार होता. ती उंची आली. संयुक्तानं क्षणभरही वाट पाहिली नाही. "गो-अराउंड," ती म्हणाली, आणि इंजिनांनी जोर धरला.

नेमके तेव्हाच दिवे दिसले. पाऊस जरासा फाटला आणि समोर धावपट्टीच्या दिव्यांची ओळ लखलखली. सर उंच आहेत, त्यांना मधून सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यांनी छातीभर श्वास घेतला आणि माझे पट्टे ताणले गेले. या श्वासाच्या मागे शब्द असतात हे मला ठाऊक आहे. 'दिवे दिसतायत' एवढं त्यांच्यासारख्या माणसानं म्हटलं असतं तरी त्या दोघांचे हात घुटमळले असते. वर निघालेलं विमान पुन्हा खाली ओढणं याहून वाईट काही नाही. मी जीव मुठीत धरून होते. सरांनी तो श्वास हळूहळू सोडून दिला. पट्टे सैल झाले, दिवे मागे पडले.

वर आल्यावर कळलं की पाऊस लवकर हटण्यासारखा नाही. घिरट्या घालून आणखी एकदा प्रयत्न करता आला असता, पण मग हाताशी इंधन थोडंच राहिलं असतं. अशा वेळी मुरलीनं मान वळवली आणि सरांकडे पाहिलं. त्यात त्याची चूक नव्हती. घरात थोरलं माणूस बसलेलं असलं की नजर तिकडे जातेच. सरांनी ती नजर घेतलीच नाही. ते आपल्या बुटांकडे पाहत राहिले. इतक्या एकाग्रतेनं की जणू ते बूट त्यांनी प्रथमच पाहिले असावेत. मुरली थोडा वेळ थांबला आणि मग आपल्या कॅप्टनकडे वळला. त्या कॉकपिटमध्ये कॅप्टन एकच आहे, हे सरांनी न बोलता सांगितलं. एवढा मोठा माणूस इतका लहान होऊन बसलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि तेव्हा तो मला जितका मोठा वाटला तितका पूर्वी कधीच वाटला नव्हता.

"बेंगळुरूला जाऊं," संयुक्ता म्हणाली. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

बेंगळुरूला उतरून विमान उभं राहिलं, इंजिनं थांबली. प्रवाशांना धीर देऊन झाला. चेन्नईचा पाऊस ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं होतं; थांबता थांबता संध्याकाळ झाली. मग संयुक्ता वळली आणि तिनं विचारलं, की नंतर दिवे दिसले होते ते सरांनी पाहिले का.

"पाहिले," सर म्हणाले. "पण ते तुमच्या निर्णयानंतर दिसले, कॅप्टन. नंतरचं धरायचं नसतं."

सरांनी फोन पुन्हा सुरू केला, तेवढ्यात तो वाजला. मैलापूरहून त्यांच्या पत्नी, विद्युलताबाई, बोलत होत्या. कॉकपिट अगदी शांत होतं, त्यामुळे त्यांचा आवाज सगळ्यांनाच ऐकू आला. ऊर्मीचं गाणं शेवटाकडे आलं होतं आणि तिसऱ्या रांगेतली खुर्ची तशीच रिकामी होती. संयुक्ताच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"आधीं सांगायचें होतें की, सर," ती म्हणाली.

"म्हणूनच नाही सांगितलं," सर म्हणाले. "सांगितलं असतं तर तुमच्या निर्णयात ऊर्मीही येऊन बसली असती. मी परवानगी फक्त माझी मागितली होती."

संयुक्तानं सांगितलं, "फोन मोठा करून ठेवा, सर. आम्हांसही ऐकूं दे."

आणि मित्रांनो, माझ्या आयुष्यात प्रथमच कॉकपिटमध्ये गाणं ऐकू आलं. ऊर्मी अभंग म्हणत होती. तिचं मराठी साताऱ्याचं आणि सूर मैलापूरचे. मुरलीला शब्द कळत नव्हते, पण तो मांडीवर ताल धरून बसला होता. सरांचे डोळे मिटलेले होते. मला त्यांच्या हातांची बोटं माझ्या कडेवर हलताना जाणवत होती. शेवटचं कडवं सुरू झालं. तेवढ्यात रेडिओवर काहीतरी खरखरलं आणि संयुक्ताचा हात आपल्या हेडफोनकडे गेला. तो तिथंच थांबला. मला खात्री आहे, कडवं पुरं होईतो ती थांबली असती.

सरांनी स्वतःच फोन बंद केला. मुलगी गातच होती. "कॅप्टन, तुमचं काम," ते म्हणाले आणि पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून पूर्वीसारखे बसले. माझं काळीज लोखंडी आहे, तरी तेव्हा मला फार गलबलून आलं.

रेडिओवर चेन्नईला निघायची वेळ कळवली होती. आम्ही गेलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि दिवे दुरूनच दिसत होते. संयुक्तानं विमान अलगद टेकवलं. सर उठले, त्यांनी माझे पट्टे आवळून बसवले, बैठक वर केली आणि मला भिंतीला लावलं. टोपी घातली. "थँक यू, कॅप्टन. थँक यू, मुरली," म्हणून ते दाराबाहेर गेले. उंबरा ओलांडल्यावर मात्र वळले. तिथे त्यांचा आवाज निराळा झाला.

"संयुक्ता," ते म्हणाले, "पुढच्या कच्चेरीला तूही ये. दोघं तिसऱ्या रांगेत बसू."

ती हसली आणि तिनं डोळे पुसले. परीक्षेत पास झाली त्या दिवशीही तिच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी पाहिलं नव्हतं.

आता माझं वय झालं आहे. बैठक खाली पाडली की 'खट्' ऐवजी 'खर्र' आवाज येतो. पुढच्या मोठ्या दुरुस्तीत मला काढून नवी खुर्ची बसवणार, असं भवानी परवा सोबत्याला सांगत होत्या. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझ्या जागी येणारीवर कोण कोण बसेल याचा थोडा हेवा मात्र वाटतो.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन विमान चालवाल की नाही मला माहीत नाही. पण कधी ना कधी दुसऱ्याच्या कामाच्या जागी पाहुणे म्हणून जाल. तेव्हा बसण्याआधी विचारा. धोका दिसला तर बोला. उठलात की खुर्ची मिटून ठेवा. आणि आपली घाई, आपली हौस, आपलं दुःख जमेल तेवढं दाराबाहेर ठेवून या. माझ्यावर एकाच माणसापुरती जागा आहे.