ओटीतला फोन

जोतिबा म्हणजे वडगावातला एक नंबरचा हेकट माणूस. चार यंत्रमाग एकटा चालवायचा आणि त्या खडखडाटात शेजारी तोफ उडाली तरी त्याला पत्ता लागला नसता. म्हणून आळीतल्या बऱ्याच विणकरांसारखी त्यालाही एक खोड जडलेली. फोन बंडीच्या डाव्या खिशात, थेट छातीवर. रिंग ऐकू येत नाही, पण थरथर छातीला कळते.

त्याच छातीनं हिवाळ्यात दगा दिला. बेळगावच्या दवाखान्यात डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला. फोन यंत्राजवळ आणायचा नाही, असं डॉक्टर सांगत होते तेव्हा हे महाशय खिडकीबाहेर बघत होते. ऐकत होती ती बायको, जयाबाई.

पुढं माग सुरू झाले आणि फोन गुपचूप जुन्या जागी गेला. त्यालाही कारण होतं. निपाणीला दिलेली लेक अंजनी नऊ महिन्यांची पोटुशी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला बंदी घातलेली, नाहीतर माहेरीच आली असती. तिनं बापाला बजावून ठेवलं होतं, "आप्पा, पैला फोन तुमालाच करनार."

एका दुपारी मागाच्या धोट्यात सुताची कांडी घालताना जोतिबाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. दारात कांड्या भरत बसलेल्या जयाबाईनं त्याला झुकताना पाहिलं. तशी उठली, मागांचा मेन स्विच खाली ओढला, नवऱ्याला धरून बसवलं आणि त्याची खोड ओळखून आधी बंडीत हात घालून फोन बाहेर काढला. त्याचा हात चालत्या मागात गेला असता तर काय, हा विचार तिनं नंतर केला आणि मग मात्र रडली.

दवाखान्यात यंत्र तपासलं. ठणठणीत होतं. फोनच्या झाकणवाल्या कव्हरात चिमुकलं लोहचुंबक होतं, ते नेमकं यंत्रावर टेकत होतं आणि त्याची लय बिघडवत होतं. जयाबाईनं विचारलं, "किती लांब ठिवायचा, सायेब?"

"पंधरा सेंटीमीटर."

तिनं हाताची वीत ताणून दाखवली. "एवढं?"

"त्याच्याहून थोडं कमीच, पण वीतच धरा. बोलताना उजव्या कानाला लावा. फोन सोडायची काही गरज नाही."

घरी येताच तिनं कव्हर काढून टाकलं आणि बंडीचा खिसा शिवून बंद केला. जोतिबा फुगून बसला. "आनि अंजनीचा फोन आला तर मला कळायचा कसा गं? माग बंद ठिवू?"

"माग तुमी चालवा. कळवायचं माझ्याकडं लागलं."

ती कांड्यांच्या रहाटाशी बसली आणि फोन घेतला ओटीत. जोतिबाच्या डोक्यावर बल्ब लोंबत होता, त्याचं बटण तिच्या हाताशी. ओटीत थरथरलं की बल्ब मिचकवायचा. "दुसऱ्या कुनाचा असंल तर एकडाव. लेकीचा असंल तर थांबनारच न्हाय मी."

"लई शानी हैस," जोतिबा कुरकुरला. पण संध्याकाळी खडेबाजारातल्या साडीवाल्याचा फोन आला, बल्ब एकदा मिचकला आणि गड्याला बायकोचं असं कौतुक वाटलं की काय सांगावं. तोंडानं म्हणेल तर तो जोतिबा कसला!

मग एक दिवस ऐन दुपारी बल्ब मिचकू लागला तो थांबेचना.

जोतिबाचा हात सवयीनं छातीवर गेला. तिथं जयाबाईची शिवण लागली आणि शिवणीखाली काळीज कसं बिनचूक चाललेलं. त्यानं एकेक माग थांबवला. घर इतकं गप्प झालं की त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला.

जयाबाई पुढ्यात उभी. फोन अजून वाजत होता. आईच ती, जीव तिचाही निपाणीलाच होता, पण तिनं उचलला नव्हता. पैला फोन आप्पांचा, असा लेकीचा शब्द होता ना. बटण दाबून तिनं स्वतःच्या हातानं तो नवऱ्याच्या उजव्या कानाला लावला.

पलीकडून कुणी बोललंच नाही. नुसतं ट्यांहां ट्यांहां.

जोतिबानं कान फोनला आणखी चिकटवला. डोळे भरले होते आणि ते पुसायचंही भान नव्हतं. जयाबाई घाबरून म्हणाली, "अवो, काय झालं? सांगा की."

त्यानं तिच्या हातातला फोन तिच्याच कानाकडं वळवला.

"तूच ऐक," तो म्हणाला. "पैलं तुझ्याच ओटीत आलंय ते."