काकीचं भाडं

कंपनीचं पत्र मोबाईलवर आलं, आणि तेही अशा भाषेत की जणू दत्तप्रसाद कुणाचा बोकड चोरून पळाला होता. ‘खासगी वाहनाचा वापर भाड्याने प्रवासी नेण्यासाठी केल्याचे निष्पन्न झाल्यामुळे आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे.’ त्याने ते तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं आणि समोर उघडून ठेवलेल्या पंपाच्या मोटारीवरच अशी शिवी हासडली, की बायको, समीक्षा, हातातली परात घेऊनच बाहेर आली.

भाड्याने! वीस वर्षं हा माणूस गावोगावच्या विहिरींवर पंप दुरुस्त करत फिरला. गाडीत मोटारी, पाइप आणि ग्रीसचे डबे. भाडं द्यायला त्यात बसणार तरी कोण?

झालं होतं ते असं. जुलैत शेजारच्या हौसाकाकीला भाताच्या रोपांच्या तरव्यात फुरसं चावलं. काकी म्हणजे दत्तप्रसादच्या सख्ख्या काकाची बायको. तिचा मुलगा धनेश आणि दत्तप्रसाद यांच्यात आठ वर्षं अबोला होता, कारण दोन घरांमधला चिऱ्यांच्या कुंपणाचा गडगा हातभर कुणाच्या जागेत सरकला हे अजून ठरायचं होतं. चतुर्थीला दोघे एकाच गणपतीसमोर उभे राहून झांजा वाजवत, पण एकमेकांकडे बघत नसत. त्या दुपारी मात्र काकीचा पाय भोपळ्यासारखा सुजला, पावसात एक रिक्षा यायला तयार होईना, तेव्हा दत्तप्रसादने न विचारता गाडी काढली. धनेशनेही न बोलता आईला उचलून मागच्या सीटवर ठेवलं आणि तो शेजारी बसला.

ओरोसच्या हॉस्पिटलच्या वाटेवर व्हाळाच्या कॉजवेवर पाणी चढत होतं. वळसा घालायचा तर पाऊण तास जास्त. दत्तप्रसादने आरशात काकीचा चेहरा बघितला आणि गाडी पाण्यात घातली. मधोमध इंजिनाने पाणी ओढलं आणि ते बंद पडलं. पाणी प्यालेलं इंजिन पुन्हा सुरू करायचं नसतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याने चावी काढून खिशात टाकली. दोघांनी ढकलत गाडी पार केली, पलीकडे अडकलेल्या दुधाच्या टेम्पोवाल्याने गाडी फिरवून काकीला हॉस्पिटलात पोचवलं आणि काकी वाचली.

इंजिन मात्र गेलं. कुडाळच्या गॅरेजवाल्याने ते उघडून आतले वाकलेले दांडे दाखवले आणि नवंच बसवावं लागेल म्हणाला. दत्तप्रसाद निर्धास्त होता. इंजिनाच्या संरक्षणाचा वेगळा हप्ता तो दरवर्षी इमानेइतबारे भरत आला होता. पण हप्ता घेताना गोड बोलणारी माणसं वेगळी आणि पैसे द्यायच्या वेळी भिंग घेऊन येणारी वेगळी, हे त्याला आता कळत होतं.

भिंगवाल्या सर्वेयरने नेमका काय शोध लावला ते समीक्षाला गडग्यावरून कळलं. धनेशची बायको विनीता तिच्याशी रोज बोलायची. अबोला पुरुषांचा होता, बायकांना तेवढी सवड कुठली? सर्वेयर धनेशकडे जाऊन चहा प्याला आणि त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, की फुकट गेलात की काही दिलंत? धनेशची मान ताठ झाली. आम्ही कोणाच्या फुकट्या गाडीत बसणारे नव्हेत, मोजून भाडं दिलंय, असं त्याने ठणकावून सांगितलं आणि खाली सहीपण ठोकली.

दत्तप्रसाद कुडाळच्या ऑफिसात गेला. खुर्चीतल्या साहेबाने फाइल न उघडताच सांगितलं, की प्रवाशाचा जबाब आहे.

“साहेब, माझ्या काकीला साप चावला होता,” दत्तप्रसाद म्हणाला. “तुम्हाला काय वाटतं, मी आधी भाडं ठरवलं आणि मग दार उघडलं?”

साहेबाला काहीच वाटत नव्हतं. वाटण्याचा पगार त्याला नव्हता. ज्याने जबाब दिला त्यानेच सात दिवसांत येऊन तो बदलावा, नाहीतर फाइल बंद, एवढंच त्याने सांगितलं.

त्या संध्याकाळी आठ वर्षांत पहिल्यांदा दत्तप्रसाद गडग्याजवळ जाऊन बोलला. “धनेश, तुझ्याकडसून मी दमडी तरी घेतलंय काय रे? मग खोटा कित्याक सांगितलंस?”

पलीकडे धनेश नारळ सोलत होता. तो सोलतच राहिला. पण दुसऱ्या दिवशी विनीताच्या हातून एक पाकीट आलं. आत नोटा होत्या, ओरोसपर्यंतचं भाडं. म्हणजे हा गडी दिलेला जबाब आता खरा करायला निघाला होता. दत्तप्रसादच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाकीट घेतलं असतं तर कंपनीच खरी ठरली असती आणि तो लबाड. त्याने ते गडग्यावरून धनेशच्या अंगणात भिरकावलं.

ते पडलं काकीच्या पुढ्यात. ती लंगडत येऊन ओट्यावर बसली होती. हे कसले पैसे, असं तिने सुनेला विचारलं, आणि दोन महिने तिच्यापासून लपवलेलं सगळं बाहेर आलं.

सातव्या दिवशी दत्तप्रसाद ऑफिसात पुन्हा साहेबाशी हुज्जत घालत होता, तेव्हा दार ढकलून काकी आत आली. ठेवणीतलं लुगडं, हातात काठी. मागे छत्री धरून धनेश, शाळेत बोलावून आणलेल्या पोराच्या तोंडाचा. साहेबाने बसा म्हटलं, पण ती बसली नाही. ती साहेबाशी बोललीही नाही, लेकाकडे वळली.

“भाडा दिलंय म्हणान सही केलंस मां? मग माझ्या जीवाचा भाडा कितक्या झाला, ता माका सांग. माकाय कळांदे.”

धनेशने छत्री भिंतीला टेकवली. “लोकांनी म्हटल्यानी असता, दत्त्याच्या उपकारार जगलो,” तो खाली बघून पुटपुटला.

“जगलंय मी,” काकी म्हणाली. “तू नाय.”

साहेबाने नवा फॉर्म पुढे सरकवला. धनेश बसला. भाडं दिलं नाही, त्याने मागितलंही नाही, आधीचा जबाब रागाच्या भरात दिला, असं त्याने एकेक अक्षर दाबून लिहिलं. दत्तप्रसाद त्याच्या खांद्यामागे उभा राहून प्रत्येक शब्द तपासत होता. त्याचा राग तसूभर उतरला नव्हता आणि तो उतरावा अशी त्याची इच्छाही नव्हती. शेवटी एक रकाना उरला, ‘वाहनमालकाशी नाते’. तिथे पेन थांबलं. मग धनेशने लिहिलं, भाऊ.

दत्तप्रसाद चिडूनच बोलला.

“चुलत लिव मेल्या. नायतर ही माणसां परत माकाच खोटो पाडतली.”

धनेशने पेनाला टोपण लावलं आणि फॉर्म तसाच साहेबाच्या हातात दिला.