पायांचा फोटो

मुलुंडला थंडी येते ती चार दिवसांच्या पाहुण्यासारखी, आणि तेवढ्यात लोकांना स्वेटर, कानटोप्या, मफलर सगळं मिरवून घ्यायचं असतं. दीप्ती या चार दिवसांची वर्षभर वाट बघायची. थंडीत सगळेच पाय झाकतात आणि मग तिला कोणी काही विचारत नाही.

एरवी विचारायचे. मुलुंडहून दर रविवारी निघणाऱ्या सायकल ग्रुपात, मे महिन्याच्या घामाच्या धारांतही घोट्यापर्यंत काळी टाइट्स घालणारी ती एकटीच. "यार, तुला गरम होत नाही का?" ग्रुपचा म्होरक्या नितेश दर उन्हाळ्यात विचारायचा. "टॅन होतं रे," ती ठोकून द्यायची. पवईच्या ऑफिसात अख्ख्या टीमवर हुकूम चालवणारी ही बाई गोरेपणासाठी एवढी झुरते, असं ग्रुपला वाटायचं. तसं वाटू देणं तिला सोयीचं होतं.

खरं कारण कोड होतं. गुडघ्यांपासून खाली, दोन्ही पायांवर, पांढरे मोठाले डाग. शाळेत असताना सुरू झाले आणि राहिले. ते कुणाला लागत नाहीत, त्यांनी काही बिघडत नाही, हे डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं होतं. पण तिच्या आई, रत्नप्रभाबाई, तो शब्दच घरात काढायच्या नाहीत. मालवणीत नुसतं 'ता', म्हणजे 'ते', म्हणायच्या, तेही दार लोटून घेऊन. शाळेत जाऊन, बाईंची विनवणी करून, त्यांनी लेकीला स्कर्टऐवजी सलवारीची परवानगी मिळवली होती. पुढे एक ठरत आलेलं लग्न 'ता' सांगितल्यावर मोडलं, तेव्हापासून तर लेकीच्या पायांवर त्यांचा पहाराच होता. जीव तुटायचा म्हणून पहारा, पण पहारा तो पहाराच.

या जानेवारीत ग्रुपने कसारा घाट ठरवला. सायकली टेम्पोत घालून कसाऱ्यापर्यंत जायचं, उजाडताना घाट चढायचा, वर चहा प्यायचा आणि उतरायचं. नितेशने मेसेज टाकला: 'वर सॉलिड थंडी असते. चढताना घाम येतो, उतरताना तोच गारठतो आणि पायांची वाट लागते. पाय झाकून या.' पाय झाकायचा हुकूम! दीप्तीने खरं तर पेढे वाटायला हवे होते.

पण तिचं मन थाऱ्यावर नव्हतं, कारण वर पोचल्यावर फोटो होता. ग्रुपची ही जुनी पद्धत होती. घाट सर झाला की सगळ्यांनी गोल उभं राहायचं, पाय मध्ये घ्यायचे आणि वरून फक्त पायांचा फोटो. चेहरे नाहीत, नावं नाहीत, नुसत्या चिखलाच्या, धुळीच्या, खरचटलेल्या पोटऱ्या. ग्रुपच्या सगळ्या घाटांचे असे फोटो होते आणि त्यांतल्या एकातही दीप्तीचे पाय नव्हते. फोटो नेहमी तीच काढायची. "तुझा हात स्टेडी आहे," म्हणायचे सगळे. स्टेडी कसला डोंबलाचा! या वेळी मात्र तिलाही गोलात उभं राहायचं होतं.

घाटकोपरच्या दुकानात तिच्यापुढे दोन गोष्टी आल्या. एक, आतून लव असलेली जाड, अखंड टाइट्स. दुसरे, लेग वॉर्मर: मांडीपासून घोट्यापर्यंतच्या नुसत्या बाह्याच, हाफ शॉर्ट्सखाली पायांत चढवायच्या. "ऊन आलं की ओढून काढायच्या, खिशात टाकायच्या," दुकानातली मुलगी म्हणाली. दीप्तीने टाइट्स घेतली, पैसे दिले, जिना उतरली, रिक्षाला हात केला, रिक्षा थांबली, तिला नको म्हटलं आणि परत वर जाऊन टाइट्स बदलून वॉर्मर घेतले. तिच्या मापात फक्त जांभळे होते. जांभळे तर जांभळे.

आदल्या संध्याकाळी पलंगावर एका बाजूला जुनी काळी टाइट्स, दुसऱ्या बाजूला ते जांभळे प्रकरण, आणि मध्ये दीप्तीच्या येरझाऱ्या. रत्नप्रभाबाई दारात उभ्या राहिल्या.

"ह्या खाली निसाटला तर गो?"

"निसटत नाही आई. वर इलॅस्टिक आहे."

"इलॅस्टिकाचो काय भरवसो? ता काळा घाल. अख्खा आसा."

काळी घातली, काढली. जांभळे चढवले, खोलीत उठाबशा काढल्या, उतरवले. वॉर्मर काढायचे नाहीतच, तिने स्वतःला बजावलं. मग काढता येणारे घेतलेस कशाला, असं मनात आलं तशी तिने दिवा मालवला. पहाटे आई उठायच्या आत ती जांभळ्या पायांनी जिना उतरली होती.

घाटात थंडी खरंच होती. बोटं बधिर, नाक गळतंय, तोंडातून वाफा. सगळे नखशिखान्त गुंडाळलेले, एकटे गुणाजीकाका सोडून. काका भांडुपचे, रिटायर झालेले, ग्रुपात सगळ्यांत मोठे, आणि आले होते नेहमीच्या हाफ शॉर्ट्सवर. "मुंबईत खंयची थंडी?" टेम्पोत बसताना त्यांनी छाती फुगवून विचारलं होतं. मुंबई कसाऱ्याच्या बरीच अलीकडे संपते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

चढताना काका सगळ्यांच्या पुढे होते. वर टपरीवर चहा घेताना वारा सुटला, अंगावरचा घाम गार झाला आणि त्यांच्या हातातला ग्लास हिंदकळायला लागला. मग पोटरीत गोळा आला. काका मटकन खाली बसले, ओठ निळे पडलेले. नितेशने पाय चोळले. टेम्पो खाली कसाऱ्यालाच होता.

"असे उतरलात तर वळणावर गोळा येईल आणि थेट दरीत," नितेश म्हणाला. "कुणाकडे एक्स्ट्रा काही आहे का रे?"

सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. सगळ्यांच्या अंगात अखंड टाइट्स, काढणार तरी कसे! काढता येण्याजोगं तिथे एकच होतं आणि ते तिच्या पायांत होतं. गप्प बसली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. हे तिला कळत होतं आणि त्याचाच राग येत होता.

तिने बूट काढले. डावा वॉर्मर ओढला, मग उजवा. वाऱ्यात पाय एकदम उघडे पडले.

नितेशने खाली बघितलं, चटकन दुसरीकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे.

"कोड आहे," दीप्ती म्हणाली. तो शब्द बाहेर माणसांत तिने पहिल्यांदाच उच्चारला होता. "लागत नाही कुणाला. घ्या काका, घाला."

"लागूक काय झाला?" गुणाजीकाका दात वाजवत म्हणाले. "तुका थंडी लागतली त्याचा काय?"

"मी वयाने लहान आहे. घाला गुपचूप."

दीप्ती आणि नितेशने मिळून ते जांभळे वॉर्मर काकांच्या केसाळ पायांवर कसेबसे चढवले. अर्ध्या मांडीवरच अडले. जरा ऊब आली तसा काकांच्या तोंडावर रंग आला आणि त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"फोटो!" कुणीतरी ओरडलं. सवयीने सगळे गोल उभे राहिले, सवयीने नितेशने मोबाइल दीप्तीकडे दिला. तेवढ्यात काकांनी तो हिसकावून घेतला.

"मी नाय येवचंय! बायलमाणसाचे मोजे घालून फोटो? घरात तोंड दाखवूक नको माका? मी काढतंय. तू जा थंय."

नितेशने शेजारच्याला ढकलून जागा केली. "ये ना लवकर, पाय गोठले."

दीप्ती उभी राहिली. तिने पाय मध्ये घेतले.

फोटो ग्रुपवर पडला. आपले पाय तिने लगेच ओळखले, कुणीही ओळखले असते. वाटलं, पुसून टाकायला सांगावं. वाटलं, राहू दे. मग कुणी काही म्हणायच्या आत तिने तो आईला पाठवून दिला आणि त्याच क्षणी घोर चूक केली असं तिला वाटलं. खुणा निळ्या झाल्या. आई बघत होती. चहा गार झाला, सगळे हेल्मेटं चढवायला लागले, ती मोबाइल मुठीत धरून रस्त्याच्या कडेला फेऱ्या मारत राहिली.

फोन वाजला.

"हॅलो, आई?"

रत्नप्रभाबाईंनी थेट विचारलं.

"पोटरेक काळा काय लागला गो ता?"

दीप्तीने खाली वाकून बघितलं. उजव्या पोटरीवर काळा ठसा उमटला होता, वॉर्मर काढून बूट घालताना ती सायकलीला टेकली होती, तेव्हा लागलेला.

"चेनचं ग्रीस आहे, आई."

"थंय घासू नको उगाच, कातडा सोलवटात. घराक ये," आई म्हणाली. "खोबरेल लावन काढूया."