बत्तिसावी वाटी

आजोबांनी वाटीतला लाल पाकिटाचा चौकोनी तुकडा दोन बोटांनी उचलला, रुमालाने पुसला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. त्याच्या जागी तीन पातळ तुकडे सोडले: एक लाल, एक चंदेरी, एक पारदर्शक. नात अजून उठली नव्हती.

आठ दिवस ती त्या वाटीवर डोळे लावून बसली होती. बिस्किटाच्या पाकिटाचे थर सुटे झाले, तर प्रत्येकाचं पुन्हा काही बनवता येतं. ते सुटतात का, घरी करून बघा, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. रोज कोमट पाणी, साबणाचा थेंब, नखाने कोपरा खरवडणं. एकदा धरलं की सोडायची नाही, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत.

थर सुटणार नव्हते. ते जोडणारा गोंद आजोबांनीच बनवला होता. त्याबद्दल कारखान्याने दिलेलं घड्याळ वाटीच्या वरच भिंतीवर टिकटिकत होतं. तिला हे सांगायला त्यांची जीभ रेटेना. कपाटात नमुन्यांचा जुना जुडगा होता. प्रत्येक थराचा सुटा तुकडा, कोपऱ्यात भोक पाडून कडीत ओवलेला. त्यातलेच तीन त्यांनी काढले होते.

त्या सकाळी मुंगीने घर डोक्यावर घेतलं. तुकडे वहीत घालून शाळेत नेले.

पुढच्या आठवड्यात मात्र ती जेवताना नुसता भात चिवडत होती. खोदून विचारल्यावर कळलं, वर्गात खिडकीखाली एकतीस वाट्या मांडल्या आहेत. मधल्या सुट्टीत खेळायचं सोडून मुलं पाणी बदलतात. एकाचंही सुटलेलं नाही.

"सगळे मला विचारतात, तू कसं केलंस. आजोबा, त्यांचं काय चुकतंय?"

आजोबांनी हातातला घास ताटात ठेवला. ते उठले, कपाटातला जुडगा आणून तिच्यापुढे ठेवला. ती एकेक तुकडा उलटत गेली. मग वही उघडून आपले तुकडे तिने त्यांच्या शेजारी लावून पाहिले.

"मला वाटलं, भोक पाण्यानेच पडलं," ती म्हणाली.

मग त्यांनी गोंदाचंही सांगितलं. आधी नीट, तिला समजेल असं. पुढे वाक्यं अर्धीच राहू लागली.

"कधीच नाही सुटणार?"

"सुटू नये म्हणूनच बनवला होता. पुढचा विचार आम्ही केलाच नाही."

"आणि माझा तुकडा?"

तो त्यांच्या खिशात होता. रोज सदऱ्याबरोबर खिसा बदलत आलेला, अखंड.

मुंगी वाटी भरून घेऊन आली. तुकडा तिने पाण्यात बुडवला आणि वाटी आजोबांच्या ताटाशेजारी सरकवली.

"उद्या ही घेऊन वर्गात चला. बत्तिसावी."

आजोबांनी बोट बुडवून पाहिलं. पाणी कोमट होतं.