साहेबरावांची टकटक

कुंभार पिंपळगावात काकासाहेबांच्या फोटो स्टुडिओबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत कॉम्प्युटरला हार घातला होता, माउसला कुंकू लावलं होतं आणि वर्षापूर्वी वारलेले साहेबराव कॉम्प्युटरच्या डब्यातून टकटक करून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते.

सुरुवात साधी होती. गिरिजाबाई वर्षश्राद्धासाठी नवऱ्याचा फोटो मोठा करून घ्यायला आल्या. साहेबरावांचे फोटो होते ते एवढेच, लेकीच्या लग्नात काकासाहेबांनी काढलेले, आणि तेही फक्त ह्या कॉम्प्युटरमध्ये. फोटो उघडला आणि आतून आवाज आला, टक, टक. साहेबराव काठी टेकत चालायचे. गिरिजाबाईंनी आवाज ओळखला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या गावाने ओळखला.

मग भूतबाधा उतरवणारे राधेश्याम महाराज आले. "आत्मा अडकून राह्यला. एक टक म्हंजे हो, दोन म्हंजे न्हाई."

"तीन पडल्या तर?" मी विचारलं. शेजारचं औषधाचं दुकान माझं, आणि ह्या गर्दीतून गिऱ्हाईक आत येत नव्हतं.

"तर आत्म्याला प्रश्न आवडला न्हाई."

महाराज आधी फोटो उघडायला लावत, मग प्रश्न विचारत, आणि गिरिजाबाईंचा चेहरा बघून टकटक मोजत. साहेबराव सुखात नाहीत, असं निघालं. भूत बांधायला आपल्याकडे झाडाला खिळा ठोकतात. इथे झाड नव्हतं, म्हणून अमावस्येला डब्यात ठोकायचं ठरलं. हातोडा गावातल्या भारतने घरून आणला.

त्या दिवशी गिरिजाबाईंची भाची मीना जालन्याहून आली. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिने टकटक ऐकली आणि विचारलं, "काकासाहेब, वॉरंटी हाय का ह्याची?"

"हाय की, दिवाळीपर्यंत."

"खिळा ठोकल्यावर न्हाई राहणार."

"आत्म्याला वारंटी नसती, ताई," महाराज म्हणाले.

"बराबर. त्या लग्नाच्या आसपास आणखी कुनाचे फोटो काढल्ते?"

काकासाहेबांनी भारतच्या लग्नाचे काढले होते. ते उघडले. टक, टक, टक. सगळ्यांनी भारतकडे पाहिलं. तो तोंडात तंबाखू धरून हातोड्यासह उभा होता.

"भारत, तू कधी वारलास?" मी विचारलं.

"मी हितंच हाय," तो म्हणाला, पण आवाजात पूर्वीची खात्री नव्हती.

मग मीनाने सांगितलं. डब्यात हार्ड डिस्क असते, फोटो साठवणारी फिरती तबकडी. ती एका जागी खराब झाली होती, आणि दोन्ही लग्नांचे फोटो नेमके त्याच जागी होते. तिथलं काही वाचायचं झालं की अडखळायची, पुन्हापुन्हा प्रयत्न करायची, त्याचा हा आवाज. दुसऱ्या जागेवरचे, गेल्या वर्षीच्या गणपतीचे फोटो उघडले तर डबा गप्प.

"मावशी, दर प्रश्नाला ती आनखी बिघडून राह्यली. बंद पडली तर काकांचा एकबी फोटो हाती लागायचा न्हाई."

गिरिजाबाई म्हणाल्या, "भारत, हातोडा खाली ठेव."

महाराज निघून गेले. आधी मंठ्यात त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, हे मागाहून कळलं. म्हणजे आवाज कशाचा, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला राग आला तो ह्याचा.

कंपनी वॉरंटीत डिस्क बदलून देते, आतले फोटो देत नाही. म्हणून मीनाने आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. बरंचसं आलं. ज्या फोटोतून महाराज साहेबरावांना रोज बोलावत होते, तो मात्र गेला. पण लेकीच्या लग्नात काकासाहेबांनी काढलेला व्हिडिओ शाबूत निघाला. त्यात साहेबराव कॅमेऱ्याला हाताने बाजूला सारत म्हणत होते, "माझं काय काढून राह्यला? पाव्हण्यांचं काढ. जेवले का समदे?"

गिरिजाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "ह्येच खरे त्ये," त्या म्हणाल्या. "त्या डब्यातल्यानं जेवनाचं एकदाबी इचारलं न्हाई."

गेलेल्या माणसाचा आवाज ऐकावासा वाटतो, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण कुणी तो ऐकवायला आला, तर एवढं करून बघा: जिवंत माणसाचा फोटो उघडून तोच प्रश्न विचारा.