कुशाबाच्या काळजातली पिशवी

कळंबात पप्पूच्या सलूनपुढं एक बाकडं आहे. चाळीस वर्षं त्या बाकड्यावर माझंच राज्य. माझ्या मेंढरांत बिबट्या घुसला, मी त्याला मेंढरू समजून आठ दिवस चारला आणि लोकर कातरायला धरला तेव्हा कुठं ओळखला, ही गोष्ट ऐकायला घोडेगावची एसटी थांबायची. खोटं वाटत असेल तर ड्रायव्हरला विचारा. तो वारला, ती गोष्ट वेगळी.

बाकड्याच्या टोकाला कुशाबा बसायचा. माझ्याच वयाचा, माझ्याच रानात मेंढरं राखलेला. पण जन्मात कधी खोटं बोलला नाही. अशा माणसाचं कोण ऐकतंय?

गेल्या साली त्याच्या उजव्या कुशीत दुखायला लागलं. पुण्याला नेलं, पोट उघडलं, तर काळजात, म्हणजे डॉक्टर यकृत म्हणतात त्यात, नारळाएवढी पिशवी! पाण्यानं भरलेली, आणि आत द्राक्षांसारख्या बारक्या बारक्या पिशव्या. ऐकून मला फार वाईट वाटलं. ऑपरेशनचं नव्हे. एवढी झकास गोष्ट आपल्याला सुचली नाही, याचं.

बाकडं ओस पडलं. सगळी माणसं कुशाबाच्या ओट्यावर. माझी गजराबाईसुद्धा पेज घेऊन निघाली.

"माझा बिबट्या ऐकायला कधी बसली न्हाईस ती!" मी म्हणालो.

"तुमचा बिबट्या कुणी बघितलाय? त्यांचं टाकं मी डोळ्यांनी बघून आले. बावीस हायेत."

बावीस! मला भाकरी गोड लागेना. शेवटी कूस धरून मी घोडेगावच्या रोहिणी डॉक्टरीणबाईंकडं गेलो.

"काय होतंय, बाबा?"

"कुशाबाला झालं तेच. पण जरा मोठं."

त्यांनी पोट दाबलं, सोनोग्राफी केली. "काहीच नाही. तुमचं यकृत अगदी चांगलं आहे."

"नीट बघा, ताई. एखाद्या कोपऱ्यात असंल."

"नाही हो."

"मग दुसरं एखादं इन्फेक्शन तरी?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "त्याच्या चार मुख्य जाती. जिवाणूंमुळं जखमेत पू होतो, टीबी होतो. विषाणूंमुळं सर्दी, डेंग्यू, कोरोना. बुरशीमुळं गजकर्ण, चिखल्या. आणि चौथे परजीवी, म्हणजे मलेरियाचे जंतू, पोटातले जंत. कुशाबांचं ते चौथं. तुमच्या बोटांत चिखल्या आहेत, मलम देते."

कुशाबाला नारळ आणि मला चिखल्या!

"मेंढरू कापल्यावर काळजात पाण्याच्या गाठी दिसल्या तर काय करता?" त्यांनी विचारलं.

"कुत्र्याला टाकतो. सगळेच टाकत्यात."

"तिथंच घात होतो. गाठीतला जंत कुत्र्याच्या पोटात वाढतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून पडतात, केसांना चिकटतात. आपण कुत्र्याला गोंजारतो आणि त्याच हातानं भाकरी खातो. मग पिशवी वर्षानुवर्षं आत फुगत राहते."

माझंही कुत्रं असल्याच काळजांवर पोसलेलं. मग मलाच का नाही?

"धनगर माझं ऐकत नाहीत," बाई म्हणाल्या. "तुमचं ऐकतात. कुशाबांची गोष्ट वाड्या-वाड्यांवर सांगाल? गाठीचं काळीज खोल पुरायचं, कुत्र्याला जंताचं औषध द्यायचं, हात साबणानं धुवायचे."

कुशाबाची गोष्ट, आणि माझ्या तोंडून! पण सांगणारा मीच ना, म्हणून कबूल झालो.

मेंढरांच्या पहिल्या वाड्यावर पिशवी नारळाएवढी होती. दुसऱ्यावर पेरूएवढी झाली, तिसऱ्यावर लिंबाएवढी. जन्मभर माझ्या तोंडी प्रत्येक गोष्ट फुगत गेली, ही एकटीच आटत चालली. कुत्र्याचं आणि पुरायचं मात्र मी जसंच्या तसं सांगत होतो, हं!

चौथ्या वाड्यावर भागू धनगरानं नुकतंच मेंढरू कापलं होतं. काळीज त्याच्या हातात, गाठींनी भरलेलं, आणि पुढं कुत्रं जीभ काढून बसलेलं. एवढ्यात आपलीच गोष्ट ऐकायला कुशाबा काठी टेकत आला आणि समोरच बसला. त्याला बघून माझी जीभ आणखी घसरली.

"बोराएवढी पिशवी निघाली," मी म्हणालो.

"बोराएवढी?" भागू हसला. "मग भ्यायचं कशाला, राव? घे रं!" त्यानं काळीज उचललं. कुत्रं उठलं.

आता नारळ म्हणालो तर मानणार कोण?

"थांब," कुशाबा म्हणाला. "बोर न्हाई. कलिंगडाएवढी व्हती. उचलाय दोन डाक्टर लागलं. एकाची कंबर धरली."

भागूचा हात वरच राहिला. "आयला! कुशाबा म्हणतोय म्हंजी खरंच असणार." त्यानं कुत्र्याला हाकललं आणि कुदळ मागवली.

कुशाबाची जन्मातली पहिली थाप, आणि कुणी हूं की चूं केलं नाही! माझा बिबट्या चाळीस वर्षांत एकानंही खरा मानला नव्हता.

"जमलं का रं, ज्योतिबा?" कुशाबानं हळूच विचारलं.

मी कुदळ हिसकावून घेतली आणि खड्डा खणू लागलो.